सुरतेची लूट : अर्धं उत्तर
'शिवाजी महाराजांनी लुटलेले शहर, तीन अक्षरे.' शब्दकोड्यात आपण पटकन 'सुरत' लिहितो. कधी? तर १६६४. बरोबर, पण अर्धंच! सुरत दोनदा लुटली गेली : जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. पहिल्या वेळी मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला नि शहर उघडं पडलं. मग औरंगजेबाने शहराभोवती पक्का तट बांधायला लावला. तरी महाराज पुन्हा आलेच. मधे १६६५ चा पुरंदरचा तह आणि १६६६ ची आग्र्याहून सुटका झाली होती. दुसरी लूट ही तह मोडल्यानंतरच्या मोहिमेतली. परतताना वणी-दिंडोरीला मुघलांशी लढाईही झाली. एकच सन पाठ केला, की मधली सहा वर्षं गळतात.