शाब्दिक उदाहरण (अंकगणित)

व्यवहारातील एखादा प्रसंग वाक्यांत सांगून विचारलेल्या गणिती प्रश्नास शाब्दिक उदाहरण म्हणतात. खरेदी-विक्री, मजुरी, वेळ, अंतर हे त्याचे नेहमीचे विषय होत. यात बेरीज करावी की भागाकार, हे चिन्हाने दर्शविलेले नसते. ते मजकुरावरून ठरवावे लागते. त्यामुळे आकडेमोडीत तरबेज असलेले विद्यार्थीही येथे अडखळतात.

परंपरा

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ.स. ११५०च्या सुमारास) या ग्रंथात अशी अनेक उदाहरणे आहेत. ३/७ निष्कांना अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांना किती, हे त्यांपैकी एक. यात ३/७ हे प्रमाण, अडीच हे फळ आणि ९ ही इच्छा होय. फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की साडेबावन्न पल हे उत्तर येते. हेच त्रैराशिक.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे व १९२ पै होत. साध्या हिशेबासही अपूर्णांक लागत. म्हणून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेतली जात असे. आता शाळेत प्रामुख्याने एकमान पद्धत वापरतात.

सोडवण्याची रीत

उदाहरणार्थ, नागपुरात ५ डझन संत्री ३०० रुपयांना मिळतात, तर त्याच दराने २८ संत्र्यांना किती रुपये पडतील?

प्रथम काय दिले आहे व काय विचारले आहे, ते वेगळे लिहावे. येथे एक संख्या डझनांत आहे आणि दुसरी नगांत. खरी मेख हीच. ५ डझन म्हणजे ६० संत्री. एका संत्र्याची किंमत ३०० ÷ ६० = ५ रुपये आणि २८ संत्र्यांची २८ × ५ = १४० रुपये. एकक न बदलता ३०० ÷ ५ × २८ असे केल्यास १,६८० रुपये येतात. २८ संत्री ही ५ डझनांच्या निम्म्याहून कमी असल्याने उत्तर १५० रुपयांच्या आतच हवे, एवढा अंदाज आधी बांधला असता तर ही चूक तत्काळ लक्षात येते. ताळा पाहण्याची सवय याचसाठी लावतात. परीक्षेच्या घाईत नेमकी तीच सुटते.

नेहमीच्या चुका

सीताबर्डीत एक वही ४५ रुपयांना मिळते व ती महालातील दुकानापेक्षा ५ रुपयांनी महाग आहे, तर महालातील किंमत किती? ‘महाग’ हा शब्द पाहताच अनेक विद्यार्थी बेरीज करून ५० लिहितात. वस्तुतः महाग वही सीताबर्डीची आहे. म्हणून उत्तर ४० रुपये. एका शब्दावरून क्रिया ठरवण्याची युक्ती अशा ठिकाणी फसते.

व्यस्त प्रमाणातही असाच घोटाळा होतो. वसतिगृहातील ४० मुलांना १८ दिवस पुरणारे धान्य ४८ मुलांना किती दिवस पुरेल? सरळ त्रैराशिकाने २१.६ दिवस येतात. म्हणजे खाणारी तोंडे वाढली आणि धान्यही अधिक दिवस पुरले! येथे ४० × १८ = ७२० हे एकूण स्थिर राहते व ७२० ÷ ४८ = १५ दिवस हे उत्तर मिळते.

अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थ्याची चूक वाचन, आकलन, गणिती रूपांतर, आकडेमोड व उत्तरलेखन यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली, हे त्याला प्रश्न विचारून शोधले जाते. वरील तिन्ही चुका आकडेमोडीच्या आधीच्या आहेत.