कर्करोग-चाचणी आणि वैद्यकीय दुभाषा
नव्या औषधाची वा तपासणीपद्धतीची परीक्षा ज्या चाचणीत होते, तिचा आशय कर्करुग्णास स्वभाषेत यथातथ्य पोहोचविण्याचे शिक्षण. अहमदपूरसारख्या तालुक्यात, जेथे मराठीबरोबर दखनी उर्दू व बंजारा तांड्यांवरील गोरमाटी कानी पडते, तेथे दुभाष्याचे काम प्रायः रुग्णाचा मुलगा वा जावईच करतो. अशुभ वार्ता गाळून सांगण्याचा त्याचा मोह स्वाभाविक खरा, पण संमतीच्या दृष्टीने घातक होय. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा, गावांचे ५२ समूह करून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयीच्या चाचणीत समावेश झाला. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने मृत्यू घटतात, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु तपासणीविना राहिलेल्या तुलनागटावरून वादही माजला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. गट पाडून होणाऱ्या चाचणीत आपले नाव कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर नसून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, केव्हाही माघार घेता येते आणि त्यायोगे नेहमीचे उपचार खंडित होत नाहीत, या बाबी दुभाष्याने प्रथम स्वतः उमजून घेऊन मग रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्याव्या लागतात. निरक्षर रुग्णाच्या संमतीसमयी औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांन्वये तटस्थ साक्षीदार आद्यंत हजर असावा लागतो. तो इसम दुभाष्याहून वेगळा असलेला बरा.