राखीव वकिलांची फौज

फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकधारी शिपाई येतात, तोफा येतात, रसदीच्या गाड्या येतात. वकील काही येत नाही. फौजेत वकिलाचे काय काम, असे कुणीही विचारील. पण लाखो माणसे एका शिस्तीखाली आणली की त्यांच्यांत गुन्हे होतात, तंटे होतात, प्रसंगी बंडाळीही होते. त्याचा न्याय करावाच लागतो. आणि युद्धाच्या धामधुमीत त्या न्यायात घाई झाली, तर एखाद्याचा जीव हकनाक जातो. अमेरिकेच्या सेनेने हा धडा पहिल्या महायुद्धात शिकला. तो शिकवण्यात आणि पुढे अमलात आणण्यात तिच्या राखीव वकिलांचा वाटा मोठा होता. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम हे राखीव दल म्हणजे काय ते पाहू. शांततेच्या काळात मोठी फौज पोसणे कोणत्याही देशाला जड जाते. म्हणून काही माणसे आपापल्या धंद्यात राहतात, अधूनमधून लष्करी शिक्षण घेतात आणि हाक आली की गणवेश चढवतात. अमेरिकेत 1916 साली राष्ट्रीय संरक्षण कायदा झाला आणि त्याने राखीव अधिकाऱ्यांचे दल निर्माण केले. सेनेच्या कायदा खात्याचा प्रमुख तेव्हा जनरल इनॉक क्राउडर होता. या पदाला तिकडे जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरल म्हणतात. क्राउडर मिसूरी प्रांतातला, स्वतः कायद्याचा पदवीधर, कामाला वाघ. युद्ध आले तर आपले खाते पुरे पडणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून देशातले नामांकित वकील आणि कायद्याचे प्राध्यापक निवडून त्याने त्यांना राखीव दलात मेजरचा हुद्दा देवविला. त्यांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाचे प्रमुख जॉन हेन्री विगमोर होते. पुराव्याच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आपल्याकडच्या वकिलांनाही ठाऊक आहे. फेलिक्स फ्रँकफर्टर हेही होते. ते पुढे 1939 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

क्राउडरची ही दूरदृष्टी किती खरी होती पाहा. 1917 च्या आरंभी त्या खात्यात अवघे 17 अधिकारी होते. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, आणि 1918 संपताना ही संख्या चारशेच्या वर गेली होती. यांतले बहुतेक जण कालपरवापर्यंत गावोगावच्या कोर्टांत काळा कोट घालून उभे राहणारे होते.

आता लष्करी न्याय त्या वेळी कसा चालत असे, तेही समजून घेतले पाहिजे. गावात एखाद्याने फिर्याद दिली, पंचही त्यानेच नेमले आणि निकालावर शिक्काही त्यानेच मारला, तर आपण काय म्हणू? लष्करी न्यायालयाची, म्हणजे कोर्ट-मार्शलची, रीत काहीशी अशीच होती. न्यायालय भरवण्याचा हुकूम सेनापती देई. त्यात बसणारे अधिकारी तोच नेमी. शिक्षा झाल्यावर ती मंजूर करण्याचा अधिकारही त्याचाच. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा अधिकारी वकील असलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोयच नव्हती. शांततेच्या काळात फाशीचे कागद वर राष्ट्राध्यक्षांकडे जात. पण युद्धकाळात, काही गुन्ह्यांपुरती, फाशीही सेनापतीच्याच सहीने देता येत असे.

याचा परिणाम काय होतो, ते टेक्सास प्रांतात दिसले. ह्यूस्टन शहराजवळ नवी छावणी बांधली जात होती. तिच्या राखणीला 24 व्या पायदळ पलटणीची एक तुकडी आणली होती. हे सगळे शिपाई काळ्या वर्णाचे, आणि गाव मोठे कडवे. तेथे ट्रॅमगाडीतही काळ्यांची बसण्याची जागा वेगळी होती. 23 ऑगस्ट 1917 रोजी पोलिसांनी एका काळ्या बाईला घरातून ओढून काढले. मध्ये पडलेल्या शिपायाला त्यांनी मारहाण केली. त्याची चौकशी करायला गेलेल्या चार्ल्स बाल्टिमोर या नाईकालाही मारले आणि पकडून नेले. छावणीत आवई उठली की बाल्टिमोर मेला. अगोदरच संतापलेल्या शिपायांपैकी शंभरावर जण रात्री हत्यारे घेऊन शहरात शिरले. त्या रात्री पोलीस व नागरिक मिळून पंधराहून अधिक माणसे मेली. काही शिपाईही मेले. गुन्हा भयंकर होता, हे कुणी नाकारीत नाही. प्रश्न होता तो न्यायाचा.

1 नोव्हेंबर 1917 रोजी सॅन अँटोनिओ येथील लष्करी ठाण्यात 63 शिपायांवर एकत्र खटला सुरू झाला. त्रेसष्ट जणांचे प्राण पणाला लागलेले, आणि त्यांच्या बाजूने उभा होता एकच अधिकारी. तो वकिली केलेला माणूस नव्हता आणि तयारीला त्याला जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. अंधारात कोण कुठे होता आणि गोळी कुणी झाडली, हे एकेकाचे तपासणार कोण? महिना संपता संपता निकाल लागला. 13 जणांना फाशी आणि 41 जणांना जन्मठेप. जनरल रकमन या सेनापतीने तो मंजूर केला. 11 डिसेंबर 1917 रोजी, उजाडण्यापूर्वी, तेरा जणांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले. ज्याच्या मरणाच्या आवईवरून हे सारे घडले, तो बाल्टिमोरही त्या तेरांत होता. लोकांना बातमी कळली ती फाशी उरकल्यावर. एवढेच नव्हे, राजधानीतल्या कायदा खात्यालाही कागद तपासण्याची संधी मिळाली नव्हती.

क्राउडरवर तेव्हा सक्तीच्या लष्करभरतीचे प्रचंड काम पडले होते. खात्याचा रोजचा कारभार जनरल सॅम्युएल अ‍ॅन्सेल हा पाही. त्याला ही गोष्ट फार लागली. खात्याकडून हालचाल झाली आणि जानेवारी 1918 मध्ये सेनेचा 7 क्रमांकाचा हुकूम निघाला. यापुढे मृत्युदंडासारखी गंभीर शिक्षा अमलात आणण्यापूर्वी खटल्याचे सर्व कागद कायदा खात्याने तपासलेच पाहिजेत, असे त्यात ठरले. त्यासाठी खात्यात एक पुनर्विचार मंडळ नेमले. दिसायला ही कारकुनी सुधारणा. पण तिचे फळ आकड्यांत मोजता येते. ह्यूस्टन प्रकरणाचेच आणखी दोन खटले झाले आणि त्यांत 16 जणांना फाशीची शिक्षा झाली. या खेपेस कागद वर गेले, तपासले गेले, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापुढे ठेवले गेले. 16 पैकी 10 जणांची फाशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप मिळाली. सहा जण मात्र फासावर गेले. पहिल्या तेरांचे कागद कुणी वाचले असते तर त्यांतले किती वाचले असते?

आता राखीव वकिलांचे महत्त्व कुठे, ते ध्यानात येईल. हुकूम काढणे सोपे असते. पण देशोदेशी पसरलेल्या फौजेतून येणारे खटल्यांचे गठ्ठे वाचायचे कुणी? साक्षींतली विसंगती हेरायची कुणी? सतरा माणसांच्या खात्याला ते झेपले नसते. आयत्या वेळी शिपाई तयार होत नाही, तसा वकीलही होत नाही. त्याची यादी आधी करावी लागते, त्याला फौजेचा कायदा आधी शिकवावा लागतो. वकिलांच्या राखीव दलाचा कारभार म्हणजे हेच काम. पूर आल्यावर बांध घालायला निघालेल्या शेतकऱ्याचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

दुसरीही एक गोष्ट आहे. नेहमीच्या फौजेतला अधिकारी वरिष्ठाच्या हुकमात मुरलेला असतो. बाहेरून आलेला वकील मुलकी कोर्टांची सवय घेऊन येतो. आरोपीला वकील का नाही, असे तो सहज विचारून बसतो. म्हणून याच मंडळींत मोठा वादही पेटला. सेनापतीने दिलेली शिक्षा बदलण्याचा अधिकार आपल्या खात्याला आहे, असे अ‍ॅन्सेल म्हणे. क्राउडर आणि युद्धमंत्री बेकर यांना ते मान्य नव्हते. विगमोर क्राउडरच्या बाजूने उभे राहिले. फौजेचे पहिले काम विजय मिळवणे, न्याय त्यानंतरचा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. युद्धापुरता गणवेश चढवलेले दुसरे एक प्राध्यापक, एडमंड मॉर्गन, यांनी अ‍ॅन्सेलची बाजू घेतली. अ‍ॅन्सेलला त्या वेळी यश आले नाही. 1919 साली त्याचा हुद्दा उतरला आणि त्याने राजीनामा दिला. तरी 1920 च्या लष्करी कायद्यात पुनर्विचार मंडळाला जागा मिळाली. हुकमाचा कायदा झाला.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा हजारो वकिलांची गरज पडली. या वेळी तयारी अधिक होती. 1942 साली मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे, फौजी वकिलांची शाळा बसली आणि ती 1946 पर्यंत चालली. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या शिपायांनी आणि वकिलांनी लष्करी न्यायाबद्दलच्या तक्रारी चव्हाट्यावर आणल्या. 1948 साली संरक्षणमंत्री फॉरेस्टल यांनी नवा कायदा करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण असावेत? हार्वर्डचे प्राध्यापक एडमंड मॉर्गन! तीस वर्षांपूर्वी हरलेल्या पक्षाचा माणूस आता मसुदा करायला बसला. 5 मे 1950 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली आणि 31 मे 1951 पासून तो लागू झाला. सर्व सैन्यदलांना एकच कायदा, मोठ्या खटल्यांत आरोपीला खरा वकील, आणि शेवटी दाद मागायला तीन मुलकी न्यायाधीशांचे न्यायालय, ही त्याची मुख्य कलमे. त्याच वर्षी फौजी वकिलांची शाळा शार्लट्सव्हिल येथे व्हर्जिनिया विद्यापीठात पुन्हा उघडली. राखीव वकिलांनी महिन्याकाठी शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोन आठवडे फौजेला द्यावेत, असा प्रघात पुढे रुळला. आठवडाभर शेताच्या बांधाचे दावे चालवावेत आणि रविवारी शिपायांची मृत्युपत्रे लिहून द्यावीत, असे काहीसे हे जीवन.

या हकीकतीचा शेवट अगदी अलीकडचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या सेनेने ह्यूस्टन प्रकरणातील सर्व 110 जणांच्या शिक्षा रद्द ठरवल्या. खटले मुळातच न्याय्य रीतीने चालले नव्हते आणि शिपायांना त्यांच्या वर्णामुळे तशी वागणूक मिळाली, हे सेनेने मान्य केले. त्यांची सेवा सन्मानपूर्वक संपली, अशी नोंद करण्याचे ठरले. मधे 106 वर्षे गेली होती. फासावर गेलेल्या 19 जणांपैकी कुणाला त्याचा उपयोग नव्हता. त्यांच्या नातवा-पणतवांना मात्र मान वर करून आजोबांचे नाव घेता आले.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. पहिले महायुद्ध शिकवताना आपण लढाया आणि तह शिकवतो. त्यांच्याबरोबर कधी 7 क्रमांकाच्या त्या हुकमाचीही गोष्ट मुलांना सांगावी, आणि तेरा व सोळा हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत. तेरांतला एकही वाचला नाही, सोळांतले दहा वाचले. मधल्या काळात काय बदलले, ते मुलांनाच विचारावे. शिक्षा अमलात येण्यापूर्वी कागद दुसऱ्या कुणी तरी वाचायचा, एवढेच बदलले होते; आणि तो वाचायला माणसे जागेवर होती, कारण कुणी तरी त्यांची यादी आधी करून ठेवली होती.