पाकट मासेमारी

पाकट हा कूर्चेच्या सांगाड्याचा, चपट्या अंगाचा व लांब शेपटीचा समुद्री मासा. वाळूत किंवा चिखलात अंग पुरून तो खेकडे, कोळंबी, शिंपले खातो. म्हणून कोकण किनाऱ्यावर तो ट्रॉलच्या आणि तळाशी लावलेल्या जाळ्यांत, तसेच गळाला सापडतो. बहुधा इतर मासळीबरोबरच येतो.

शेपटीवरचा करवती काटा विषारी असतो आणि मासा मेल्यावरही धोका टळत नाही, त्यामुळे जाणते खलाशी आधी काटा छाटतात. हातापायाला काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा. विष प्रथिनयुक्त असल्याने उष्णतेने वेदना उतरतात. नंतर डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच. छातीतला घाव प्राणघातक ठरू शकतो. ऑस्ट्रेलियाचे वन्यजीव कार्यक्रमांचे सादरकर्ते स्टीव्ह अर्विन 2006 मध्ये असेच दगावले.

मांसात युरिया असल्याने शिळ्या पाकटाला अमोनियाचा उग्र वास येतो. तो ताजाच शिजवतात किंवा खारवून सुकवतात.

मादी अंडी न घालता मोजकीच पिल्ले देते, म्हणून अतिमासेमारीने घटलेली संख्या सावकाश भरून येते. काटेरी पाकटाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. इतर जातींचीही जिवंत पिल्ले जाळ्यातून परत सोडणे अगत्याचे आहे.