गडगडाटाची चोरी

चोरी कशाकशाची होते? चपलांची होते, छत्र्यांची होते, कवितांची तर सर्रास होते. पण ढगांच्या गडगडाटाची? इंग्रजांच्या मुलखात तीही झालेली आहे. चार दिवस मनात घोळवलेला विनोद आपण तोंड उघडायच्या आत शेजारचा सांगून मोकळा झाला, की इंग्रज म्हणतो, "यानं माझा थंडर चोरला!" आपल्याकडे फार तर मुंग्यांचं वारूळ नागोबा बळकावतो, ढगांना कुणी हात लावत नाही.

हा थंडर मात्र आकाशातला नव्हे, नाटकातला. लंडनमध्ये जॉन डेनिस नावाचे एक टीकाकार होते. टीकाकार असून नाटकंही लिहायचे, म्हणजे संकट ओढवून घ्यायची हौस दांडगी! १७०९ साली त्यांचं 'ॲपियस अँड व्हर्जिनिया' हे शोकनाट्य ड्रुरी लेनच्या थिएटरात लागलं. त्या काळी पडद्यामागे लाकडी पन्हळीतून तोफेचे गोळे घरंगळवून ढग गडगडवीत. ब्रिस्टलच्या १७६६ सालच्या थिएटरात तशी पन्हळ अजून आहे. डेनिससाहेबांनी आपल्या नाटकासाठी गडगडाटाची नवीच तऱ्हा शोधून काढली.

नाटक चार प्रयोगांत आटोपलं. गडगडाट मात्र थिएटरवाल्यांना आवडला. पुढं तिथंच 'मॅकबेथ' लागलं. त्याचा पडदाच मुळी मेघगर्जनेत उघडतो. १७५३ साली छापून आलेली हकीकत अशी, की प्रेक्षकांत बसलेले डेनिस ताडकन उठून ओरडले, "अरे, हा तर माझा गडगडाट! लेकाचे माझं नाटक चालू देत नाहीत, आणि माझा थंडर तेवढा ठेवून घेतात!"

बिचाऱ्यांनी दाद मागावी तरी कुठं? इंग्लंडात लेखकांच्या हक्काचा पहिला कायदा १७१० साली आला. पण तो छापील पुस्तकांपुरता. आवाजाला कोण विचारतो? उलट कवी पोपनं दुसऱ्याच वर्षी आपल्या काव्यात त्यांची 'ॲपियस' म्हणून टर उडवली. पुढं १७३३ साली वृद्ध, विपन्न डेनिससाठी मदतीचा खेळ झाला, तेव्हा नांदीचं काव्य त्याच पोपनं लिहून दिलं. महिन्याभरात डेनिस गेले.

आज 'ॲपियस' कुणी वाचत नाही. पण थंडर रोज कुठं ना कुठं चोरीला जातो. त्या रात्री डेनिस मुकाट्यानं घरी गेले असते, तर हा लेख लिहायला मला विषय नसता, आणि त्यांना नाव नसतं.