बावीस श्रुतींची पेटी

हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले. पुढच्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगले. नंतर संगीत नाटकाने पेटीला इतके जवळ केले की ती परकी आहे हेच लोक विसरले. शास्त्रकारांना मात्र तिचे सूर खुपत राहिले, आणि ते उगाच नव्हे. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा असतो. तयार कानाला तो टोचतोच. त्यावर उपाय शोधणारी मंडळी सांगली-साताऱ्याकडचीच. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींचे, म्हणजे सूक्ष्म सुरांचे, गणित मांडणारे इंग्रजी पुस्तक काढले. न्यायखात्यातले आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी उभी राहिली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर श्रुती पडताळल्या गेल्या आणि लंडनच्या मूर यांच्याकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेण्यात आली.

१९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवरून वाद झाला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती मापे पटली नाहीत. पण मापे चुकली म्हणून प्रयोग फसला, एवढे म्हणून भागत नाही. माझ्या मते देवलांचे गणित बरेचसे बरोबर होते, प्रश्नच चुकीचा होता. पेटीत सूर कमी आहेत असे धरून त्यांनी सूर वाढवले. दरबारी रागाचा गंधार मात्र एका जागी उभाच राहत नाही, तो झुलतो. मींडेत तर दोन सुरांमधली वाट हाच राग. बावीस सोडा, दोनशे पट्ट्या बसवल्या तरी प्रत्येक सूर आपापल्या खुंटीला बांधलेला. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, हवे तसे सरकवता येतात, पण वादकाची खरी करामत पडद्यावर तार खेचण्यात असते. पट्टी खेचता येत नाही.

यावर कोणी विचारील, मग साधी, ‘बेसूर’ पेटी टिकली कशी? ती टिकली नाटकामुळे. नाट्यपद आटोपशीर आणि चपळ. द्रुत तानेत सूर क्षणभरही थांबत नाही, त्या १४ सेंटांची दखल घ्यायला कानाला फुरसतच मिळत नाही. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलँकने १९१८ मध्ये लिहिलेल्या पियानोच्या छोट्या, भिरभिरत्या रचना ऐकताना कोणाला मींड आठवत नाही, कारण त्या मुळात पट्ट्यांसाठीच सुचलेल्या. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने पेटीची चाल ओळखली आणि तिला जमेल तेच तिच्याकडून काढून घेतले. पुढे नभोवाणीने १९४० पासून तीसएक वर्षे पेटीला दार बंद ठेवले, पण नाटकाच्या तालमी आणि भजनी मंडळे तिच्यावाचून चालली नाहीत. श्रुती-हार्मोनियम मात्र ना मैफलीत रुळली ना रंगमंचावर.