रोबोटच्या कंट्रोलरचं वायरिंग सुरक्षितपणे कसं करायचं? अकोला-अमरावतीच्या शेडमधून शिकलेल्या गोष्टी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पोती थप्पीला लावणारा जुना रोबोट बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. संध्याकाळी सप्लाय दिला, रोबोट पहिल्याच झटक्यात चालला आणि मालकाने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरने फाटलेलं पोतं काढायला कुंपणाचं दार उघडलं, तरी रोबोट थांबला नाही. हात त्याच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. नशीब बलवत्तर म्हणून पोरगा वाचला.

मी पॅनल उघडायला निघालो तेव्हा मालक म्हणाले, "भाऊ, रोबोट तं चालून राह्यला ना? मंग पॅनल कायले खोलता?" उघडल्यावर कारण दिसलं. दाराच्या स्विचची वायर टर्मिनलपर्यंत आणली होती, पण त्याच टर्मिनलवर कंपनीतून आलेला जंपर तसाच राहिला होता. दार उघडं असो की बंद, कंट्रोलरला ते कायम बंदच दिसत होतं. चूक आमची होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. रोबोट चालला म्हणजे वायरिंग बरोबर झालं असं होत नाही. जंपर राहिला तरी तो चालतो, अर्थिंग खराब असलं तरी चालतो. म्हणून तपासायचं ते हे की, थांबायला पाहिजे तेव्हा तो थांबतो का. हा पूर्ण लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

कंट्रोलरच्या कपाटात काय असतं?

रोबोटचा हात दिसतो, पण त्याला चालवणारं कपाट वेगळं असतं. त्यात साधारण पाच भाग असतात:

- मेन स्विच किंवा ब्रेकर, काही मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मरसुद्धा
- सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे प्रत्येक सांध्याच्या मोटरला करंट देणारा भाग
- २४ व्होल्ट डीसीचा पॉवर सप्लाय
- सेफ्टी बोर्ड, ज्याला इमर्जन्सी स्टॉप आणि दाराचे स्विच जोडतात
- मुख्य कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला हातातला टीच पेंडंट

४१५ व्होल्ट एसी सरळ डीसी केला तर साधारण ५८७ व्होल्ट होतात. ड्राइव्हमधले कपॅसिटर हा चार्ज साठवून ठेवतात. मेन स्विच बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये काही मिनिटं, बऱ्याच ठिकाणी ५ मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं. तेवढं थांबा आणि मग मीटरने डीसी व्होल्टेज मोजूनच हात घाला.

सुरुवात करण्याआधी

१. त्याच मॉडेलचं मॅन्युअल आणि सर्किट ड्रॉइंग हातात असू द्या. जुना रोबोट घेत असाल तर ही कागदपत्रं मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका.

२. मेन सप्लायची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांची २०२३ ची आवृत्ती लागू आहे. रोबोटच्या सुरक्षेसाठी आयएसओ १०२१८, मशीनच्या विद्युत भागासाठी आयईसी ६०२०४-१ आणि अर्थिंगसाठी आपलं आयएस ३०४३ ही मानकं पाहतात.

३. काम चालू असताना आयसोलेटरला कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. "चालू करू नका" अशी नुसती पाटी पुरत नाही.

४. मेगर करायचा असेल तर फक्त केबलचा करा, दोन्ही टोकं सोडवून. कंट्रोलर जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर लावला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं. सिरीज लॅम्प तर त्या कपाटाजवळ आणूच नका.

जागा: आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका

बऱ्याच कंट्रोलरची तापमानाची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते. अकोल्यात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या पुढे जातो, मग पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल याचा विचार करा. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. हवा जायला मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोडा आणि गरज असेल तर पॅनल एसी किंवा थंड खोली करा. गरम होतं म्हणून कपाटाचं दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावणं हा उपाय नाही, कारण त्याने धूळ थेट ड्राइव्हवर जाते.

धुळीचा प्रश्नही आपल्याकडे वेगळाच आहे. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि दालमिलमध्ये डाळीचा भुसा फॅनच्या जाळीत अडकतो. हंगामात जाळी दर आठवड्याला साफ करा. धान्याच्या शेडमध्ये उंदीर असतातच, म्हणून केबलची सगळी भोकं ग्लँडने बंद करा. मोकळं राहिलेलं एक भोक आणि कुरतडलेली एक सिग्नल केबल एवढ्यानेही लाइन दिवसभर बंद पडू शकते.

सप्लाय: आधी प्लेट वाचा, मग केबल ओढा

कपाटाच्या नेमप्लेटवर व्होल्टेज, करंट आणि फेज लिहिलेले असतात. परदेशातून आलेल्या जुन्या रोबोटमध्ये इथे हमखास घोटाळा होतो. जपानमधला रोबोट २०० व्होल्टचा असू शकतो, अमेरिकेतला ४८० चा. आपल्याकडे थ्री फेज ४१५. ट्रान्सफॉर्मरचा टॅप चुकीचा राहिला तर पहिल्याच स्टार्टला ड्राइव्ह जातो.

व्होल्टेज एकदाच मोजू नका. दुपारी शेजारच्या जिनिंगच्या मोटरी चालू असताना मोजा, आणि रात्री लोड उतरल्यावर पुन्हा मोजा. ४०० व्होल्टच्या कंट्रोलरला १० टक्के सूट असेल तर त्याची वरची मर्यादा ४४० होते. रात्री व्होल्टेज त्याच्या वर जात असेल तर आधी स्टॅबिलायझर किंवा ट्रान्सफॉर्मरचा बंदोबस्त करा.

आता आरसीसीबी. सर्व्हो ड्राइव्हमधून अर्थकडे थोडा करंट नेहमीच गळत असतो. घरात असतो तसा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला तर तो वारंवार पडतो, आणि मग वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकतो. बऱ्याच मोठ्या कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये ३०० मिलिअँपिअरचा, डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी सांगितलेला असतो. मॅन्युअलमध्ये असेल तोच लावा. मात्र हाताने वापरायच्या ड्रिल-ग्राइंडरच्या सॉकेटला ३० चा वेगळा हवाच.

अर्थिंग: काळ्या मातीतला खरा धोका

वऱ्हाडातली काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. माती सुटली की अर्थच्या रॉडभोवती पोकळी होते आणि रोध वाढतो. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा छान येतो, मेमध्ये तोच खड्डा निकामी असू शकतो. म्हणून अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच मोजा आणि खड्ड्यात पाणी घालायचं काम एका माणसाला नेमून द्या.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. रोबोटसाठी वेगळा खड्डा खणतात, "स्वच्छ अर्थ" म्हणून त्याला कंट्रोलर जोडतात आणि कारखान्याच्या मुख्य अर्थपट्टीशी तो जोडतच नाहीत. आता हिशोब करा. समजा, तो खड्डा आणि ट्रान्सफॉर्मरचा अर्थ मिळून रोध ५ ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर करंट येईल २४० भागिले ५, म्हणजे ४८ अँपिअर. ३२ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला लगेच पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी बराच वेळ पडणार नाही आणि तोवर कपाटाच्या बॉडीत जीवघेणा करंट असेल.

म्हणून हे करा:

- कंट्रोलरचा अर्थ कारखान्याच्या मुख्य अर्थपट्टीला तांब्याच्या वायरने जोडा. वेगळा खड्डा केलाच असेल तर तोही त्याच पट्टीला बांधा.
- ड्राइव्हची गळती जास्त असते, म्हणून अर्थची वायर किमान १० स्क्वेअर एमएम तांब्याची ठेवा. सप्लायची केबल जाड असेल तर हिशोबाने त्याहून जाड.
- थ्री फेज यंत्राला दोन वेगवेगळ्या अर्थच्या जोडण्या द्या.
- रोबोटचा पाया, कंट्रोलर आणि लोखंडी कुंपण हे तिन्ही एकमेकांशी बांधा. रंग खरवडून, वॉशर लावून आवळा.
- कुंपणावर वेल्डिंग करायचं असेल तर रोबोटच्या केबल सोडवा आणि वेल्डिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. नाहीतर तो करंट रोबोटच्या अर्थमधून परत जातो.

रोबोटच्या केबल

कंट्रोलरपासून हातापर्यंत साधारणपणे मोटरची पॉवर केबल आणि एन्कोडरची सिग्नल केबल जाते. या कंपनीच्याच वापरा, मध्ये कापून जोड देऊ नका. जास्तीची पॉवर केबल गोल गुंडाळून ठेवू नका, ती तापते. सिग्नल केबल मोटरच्या केबलपासून लांब, वेगळ्या ट्रेमधून न्या. फोर्कलिफ्ट जाते तिथे वरून लोखंडी झाकण हवं. कनेक्टर सप्लाय चालू असताना कधीच काढू-घालू नका.

सेफ्टी सर्किट: जंपर काढल्याशिवाय काम पूर्ण नाही

नवीन कंट्रोलर बाकावर तपासता यावा म्हणून कंपन्या सेफ्टीच्या टर्मिनलवर जंपर लावून पाठवतात. उदाहरणार्थ, फानूकच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ईईएस म्हणजे बाहेरच्या इमर्जन्सी स्टॉपचं टर्मिनल आणि ईएएस म्हणजे कुंपणाच्या दाराचं. स्विच जोडताना तिथला जंपर काढावा लागतो. जंपर ठेवून बाजूला वायर जोडली तर स्विच नुसता शोभेचा.

या सर्किटला दोन चॅनल असतात. एका बटणात दोन बंद राहणारे संपर्क आणि त्यांच्या दोन वेगळ्या वायर जोड्या. एक वायर शॉर्ट झाली किंवा एक संपर्क चिकटला तरी दुसरा रोबोट थांबवतो. वायर वाचवायला दोन्ही चॅनल एकाच संपर्कावर जोडले तर ही सगळी सोय वाया जाते.

आणखी एक. दाराचा स्विच साध्या पीएलसीच्या इनपुटवर घेऊन प्रोग्रॅममधून रोबोट थांबवणं म्हणजे सेफ्टी नव्हे. त्यासाठी सेफ्टी रिले, सेफ्टी पीएलसी किंवा कंट्रोलरचा सेफ्टी बोर्डच हवा. साधे इनपुट-आउटपुट पोतं आलं की नाही, पट्टा चालू आहे की नाही, एवढ्यापुरते.

हे सगळं कशासाठी, ते विसरू नये. ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रोबोटच्या तडाख्यात एका तरुण कामगाराचा जीव गेला. पत्रा नीट करायला तो रोबोटच्या जवळ गेला होता, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आमच्याकडचा पोरगाही फाटलेलं पोतंच काढायला गेला होता. माणूस आत जातो तो अशाच छोट्या कामासाठी.

पहिल्यांदा चालू केल्यावरच्या चाचण्या

आधी हाताने चालवायच्या मोडमध्ये, ताशी नव्हे तर सेकंदाला २५० मिलिमीटरच्या मर्यादेत रोबोट हलवून पाहा. कुंपणाच्या आत कोणी नसताना मग पुढच्या चाचण्या करा:

१. कपाटावरचं, पेंडंटवरचं आणि बाहेरचं प्रत्येक इमर्जन्सी बटण एकेक करून दाबा. प्रत्येक वेळी रोबोट थांबलाच पाहिजे.

२. ऑटोमध्ये हळू चालू असताना दार उघडा. थांबला पाहिजे.

३. सप्लाय बंद करून एका चॅनलची एक वायर काढा आणि पुन्हा चालू करा. कंट्रोलरने फॉल्ट दाखवलाच पाहिजे. दुसऱ्या चॅनलचंही असंच करा. आमचा जंपर या चाचणीत पाच मिनिटांत सापडला असता.

४. पेंडंटच्या मागचा तीन स्थितींचा स्विच सोडून पाहा आणि घट्ट दाबूनही पाहा. दोन्ही वेळा थांबला पाहिजे, कारण घाबरलेला माणूस हात सोडतो किंवा मूठ आवळतो.

५. दार नुसतं लावल्यावर रोबोट आपोआप सुरू होता कामा नये. रिसेटचं बटण कुंपणाच्या बाहेर, आतलं सगळं दिसेल अशा जागी हवं.

६. मेन सप्लाय घालवून परत द्या. लाइट गेली-आली हे आपल्याकडे रोजचंच, त्यामुळे वीज आल्यावर रोबोट स्वतःहून सुरू होत नाही ना हे पाहाच.

प्रत्येक चाचणीची तारीख आणि सही एका वहीत ठेवा. पॅनलमध्ये कुठलंही काम झालं की १ ते ६ पुन्हा करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाराचा स्विच सारखा फॉल्ट देतो, तात्पुरता जंपर लावू का?
नाही. तात्पुरता म्हणून लावलेला जंपर वर्षभर तसाच राहिलेला मी पाहिला आहे. फॉल्ट येतो म्हणजे स्विच त्याचं काम करतो आहे. दार लटकलं आहे का, स्विचची जागा सरकली आहे का, वायर ढिली आहे का, ते बघा.

छोटा रोबोट आहे, कुंपण लागतंच का?
वजनावरून ठरवू नका. वेग, हातातली वस्तू आणि माणूस किती जवळ येतो यावरून धोक्याचा अंदाज लेखी काढा. छोट्या रोबोटच्या हातात धारदार पत्रा असेल तर तो छोटा राहत नाही.

आयटीआय केलेला वायरमन हे काम करू शकतो का?
सप्लाय, अर्थिंग आणि ट्रेचं काम तो परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीत उत्तम करतो. सेफ्टी सर्किट आणि पहिला स्टार्ट मात्र त्या रोबोटचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाताखाली करा. शिकायची संधीही तीच आहे.

तो ऑपरेटर आजही त्याच लाइनवर आहे. सकाळी शिफ्ट सुरू करताना तो पहिल्यांदा दार उघडून रोबोट थांबतो का ते पाहतो आणि मगच काम चालू करतो. तुमच्या कारखान्यात रोबोट असेल तर उद्या सकाळी एवढं तरी नक्की करून बघा.